चार वर्षांच्या मुलाचा पंचनामा

बालवाडीतील शिक्षिकेच्या हाती एक छापील तक्ता दिला जातो. त्यात मुलाच्या वर्तनाविषयी तीस, पन्नास, कधी शंभर विधाने असतात. दुसऱ्या मुलांना मारतो, एका जागी बसत नाही, लहानसहान गोष्टींवरून रडतो, कोणाशी बोलत नाही, अशा स्वरूपाची ही विधाने. प्रत्येकापुढे शिक्षिकेने शून्य, एक किंवा दोन असा आकडा लिहावयाचा. लागू नसेल तर शून्य, काही अंशी लागू असेल तर एक, पुरेपूर लागू असेल तर दोन. शेवटी बेरीज होते आणि ती एका ठरावीक मर्यादेच्या वर गेली की या मुलाच्या वर्तनात समस्या आहे असा निष्कर्ष निघतो. ज्याच्याविषयी हा निष्कर्ष निघतो ते मूल अवघे तीनचार वर्षांचे असते. त्याला या तक्त्याची वार्ता नसते आणि पुष्कळदा त्याच्या आईबापांनाही नसते.

सुखवस्तू घरातील मुलाच्या बाबतीत अशा तक्त्याला फारसे महत्त्व येत नाही. त्याच्या आईबापांना शिक्षिकेचे मत पटले नाही तर ते दुसरी शाळा शोधतात. पटले तर पैसे मोजून तज्ज्ञाकडे जातात. गरिबाच्या मुलाला हे दोन्ही मार्ग बंद असतात. त्याच्याविषयी कागदावर जे लिहिले गेले तेच त्याची ओळख होऊन बसण्याचा संभव असतो. म्हणून बालवाडीतील शिक्षिकेने गरीब मुलांच्या वर्तनाचे मोजमाप करावे काय, कसे करावे आणि त्या मोजमापाचे पुढे काय व्हावे, हा प्रश्न बालमानसशास्त्रज्ञांच्या परिषदांपुरता सोडून देता येत नाही. तो सामाजिक न्यायाचा प्रश्न आहे.

आपल्या देशातही तो आता दाराशी येऊन ठेपला आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातच, पालघर येथे झाला. अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा तपासणी करावयाची अशी त्याची योजना असून, तपासावयाच्या तीस व्याधींच्या यादीत विकासातील विलंबाबरोबर वर्तनविषयक विकारांचाही समावेश आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र शासनाने दिव्यांग बालकांसाठी अंगणवाड्यांची कार्यपद्धती जाहीर केली आणि मुलांमधील प्रारंभिक लक्षणे ओळखण्याचे काम अंगणवाडी सेविकेवर सोपविले. हेतू चांगला आहे. परंतु हेतू चांगला असणे आणि परिणाम चांगला होणे यांत अंतर असते. या बाबतीत अर्ध्या शतकाहून अधिक काळाचा अनुभव ज्या देशाच्या गाठीशी आहे त्या अमेरिकेत काय घडले, हे आधी पाहणे शहाणपणाचे ठरेल.

१९६५ च्या उन्हाळ्यात राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या दारिद्र्यविरोधी युद्धाचा एक भाग म्हणून अमेरिकेत हेड स्टार्ट ही योजना सुरू झाली. पहिल्याच उन्हाळ्यात पाच लाखांहून अधिक गरीब मुले आठ आठवड्यांच्या बालवाड्यांत दाखल झाली. शिक्षण, आहार, आरोग्यतपासणी आणि पालकांचा सहभाग ही तिची अंगे होती. योजनेमागील धारणा अशी की, गरीब मूल पहिलीत येते तेव्हाच ते मागे पडलेले असते; त्याला आधीच हात दिला तर ते इतरांच्या बरोबरीने चालू लागेल. प्रारंभी योजनेचे यश बुद्ध्यंकाच्या वाढीत मोजले जाऊ लागले. १९६९ मध्ये एका मोठ्या पाहणीचा अहवाल आला की, उन्हाळी वर्गांमुळे झालेला बौद्धिक लाभ टिकत नाही. त्याच वर्षी आर्थर जेन्सन या मानसशास्त्रज्ञाने एका गाजलेल्या लेखात असे प्रतिपादन केले की भरपाईचे शिक्षण फसले आहे आणि त्याचे कारण बऱ्याच अंशी आनुवंशिकतेत शोधावे लागेल. गरिबांवरील खर्च ज्यांना मनापासून नको होता त्यांना हे शास्त्र फार सोयीचे वाटले.

पुढे या वादाला निराळे वळण मिळाले. मिशिगन राज्यातील इप्सिलँटी या गावी डेव्हिड वायकार्ट यांनी १९६२ ते १९६७ या काळात पेरी बालवाडीचा प्रयोग केला होता. गरीब कृष्णवर्णीय घरांतील १२३ मुले; त्यांतील काहींना बालवाडी मिळाली, काहींना मिळाली नाही, आणि ही विभागणी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी केलेली होती. या मुलांचा माग पुढे कित्येक दशके ठेवण्यात आला. बुद्ध्यंकातील वाढ काही वर्षांतच विरून गेली, हे येथेही दिसले. तरीही बालवाडीत गेलेली मुले मोठेपणी अधिक प्रमाणात शाळा पूर्ण करणारी, अधिक कमावणारी आणि गुन्ह्यांपासून अधिक दूर राहिलेली आढळली. बुद्ध्यंक वाढलेला नसताना हे कसे घडले? २००० सालचे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक ज्यांना विभागून मिळाले त्या जेम्स हेकमन यांनी आपल्या दोन सहकाऱ्यांसह २०१३ मध्ये या प्रश्नाचे उत्तर मांडले. लाभाचा मोठा भाग मुलांच्या वर्तनातील सुधारणेतून आला होता; आणि त्या वर्तनाची नोंद कोणी केली होती? प्राथमिक शाळेतील शिक्षिकांनी, याच जातीच्या तक्त्यांवर.

ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. शिक्षिकेने केलेल्या नोंदीला काहीच अर्थ नसता तर त्या नोंदींवरून तीस वर्षांनंतरचे आयुष्य उलगडले नसते. रोज चार तास मुलांत वावरणारी बाई जे पाहते ते अर्ध्या तासासाठी आलेल्या तज्ज्ञाला दिसत नाही. तेव्हा ही सारी पद्धत म्हणजे थोतांड आहे, परदेशी खूळ आहे, असे म्हणून ती झटकून टाकणे योग्य होणार नाही. प्रश्न निराळा आहे. तराजू खरा असला तरी त्याच्या पारड्यात मुलाबरोबर आणखी काय काय चढते, हा तो प्रश्न होय.

प्रथम हे तराजू कसे घडले ते पाहू. इंग्लंडमधील मायकेल रटर यांनी १९६७ मध्ये शाळकरी मुलांसाठी शिक्षकांनी भरावयाची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. १९७४ मध्ये अमेरिकेत लेनोर बेहार आणि सॅम्युएल स्ट्रिंगफील्ड यांनी तिच्यात फेरफार करून शाळापूर्व वयाच्या मुलांसाठी तीस विधानांची प्रश्नावली तयार केली. थॉमस आखेनबाख यांच्या तक्त्यांचा प्रसार तर जगभर झाला. या साऱ्यांचे मूळ रुग्णालयांत आणि मानसोपचार केंद्रांत आहे. उपचारासाठी आणलेल्या मुलांत जी लक्षणे दिसली त्यांची यादी करून ती सर्वसाधारण मुलांना लावायची, अशी ही घडण. साहजिकच त्यांची भाषा आजाराची आहे. मुलाला काय येत नाही, त्याचे काय बिघडले आहे, एवढेच ती विचारते. त्याला काय येते, कोणत्या प्रसंगी ते शांत असते, कोणाजवळ ते खुलते, हे विचारायला तिच्यात जागा नाही.

दुसरी अडचण अधिक मूलगामी आहे. एकाच मुलाविषयी दोन माणसांनी तक्ते भरले तर ते कितपत जुळतात? आखेनबाख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीच १९८७ मध्ये ११९ अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून या प्रश्नाचे उत्तर दिले. आई आणि वडील, किंवा एकाच शाळेतील दोन शिक्षक, अशा एकाच भूमिकेतील दोन माणसांच्या नोंदींतील सहसंबंध सरासरी ०.६० भरला. पालक आणि शिक्षक अशा भिन्न भूमिकांतील माणसांच्या नोंदींत तो केवळ ०.२८ होता. संख्याशास्त्राच्या हिशेबाने याचा अर्थ असा की, शिक्षिकेने दिलेल्या गुणांवरून पालकाने दिलेल्या गुणांतील चढउताराचा जेमतेम आठ टक्के भाग सांगता येतो. यावरून शिक्षिका खोटी ठरत नाही आणि आईही खोटी ठरत नाही. घरी आजीच्या मांडीवर बसणारे मूल आणि वर्गात अनोळखी तीस मुलांत बसलेले मूल ही जणू दोन मुले असतात. म्हणजे शिक्षिकेच्या तक्त्यात नुसते मूल नोंदले जात नाही; त्या वर्गातले, त्या बाईंसमोरचे, त्या तासाचे मूल नोंदले जाते. वर्ग बदलला की आकडाही बदलू शकतो. ज्या आकड्यात वर्गाचाही वाटा आहे तो सगळाच्या सगळा मुलाच्या नावावर लिहिणे हा हिशेबातील घोटाळा आहे.

अमेरिकेत हा घोटाळा कोणत्या थराला गेला हे येल विद्यापीठातील वॉल्टर गिलियम यांनी दाखवून दिले. २००५ मध्ये त्यांनी चाळीस राज्यांतील ३,८९८ शासकीय साहाय्यप्राप्त बालवर्गांची पाहणी प्रसिद्ध केली. दर हजारी ६.७ मुले या वर्गांतून कायमची काढून टाकली जात होती. बालवर्गाच्या पुढील सर्व शालेय इयत्तांतील प्रमाणाच्या हे तिपटीहून अधिक होते. सोळा वर्षांच्या दांडग्या मुलापेक्षा चार वर्षांचे मूल शाळेतून हाकलले जाण्याचा संभव जास्त, अशी ही विपरीत स्थिती. मुलींच्या मानाने मुलगे साडेचार पट आणि श्वेतवर्णीयांच्या मानाने कृष्णवर्णीय मुले सुमारे दुप्पट प्रमाणात काढली जात होती. पुढे २०१४ मध्ये तेथील शिक्षण खात्याने आकडे जाहीर केले. बालवर्गांतील पटावर कृष्णवर्णीय मुले १८ टक्के होती. एकाहून अधिक वेळा निलंबित झालेल्यांत मात्र ती ४८ टक्के होती.

मुले खरोखरच तशी वागत असतील, असे यावर कोणी म्हणेल. गिलियम यांनी २०१६ मध्ये त्याचीही कसोटी घेतली. बालवाडीच्या शिक्षकांना एक चित्रफीत दाखविण्यात आली. तीत एक कृष्णवर्णीय मुलगा, एक कृष्णवर्णीय मुलगी, एक श्वेतवर्णीय मुलगा आणि एक श्वेतवर्णीय मुलगी एका मेजाभोवती खेळत होती. काही गैरवर्तन होण्याचा संभव आहे, तेव्हा लक्ष ठेवा, एवढेच शिक्षकांना सांगितले होते. वस्तुतः चित्रफितीत कोणीही काहीही गैर केलेले नव्हते. शिक्षकांची नजर कोठे जाते हे यंत्राने टिपले. ती सर्वाधिक वेळ कृष्णवर्णीय मुलावर खिळलेली होती, आणि हे श्वेतवर्णीय व कृष्णवर्णीय अशा दोन्ही शिक्षकांच्या बाबतीत खरे होते. जेथे अधिक पाहिले जाते तेथे अधिक सापडते. पोलीस ज्या वस्तीत रोज गस्त घालतात त्याच वस्तीत गुन्हे अधिक नोंदले जातात, हा अनुभव येथील कार्यकर्त्यांना नवा नाही.

परंतु येथे थांबून सारा दोष शिक्षिकेच्या पदरात टाकणे हाही अन्याय होईल. गिलियम यांच्याच अभ्यासांत असे आढळले की, जेथे मुलामागे शिक्षकांची संख्या कमी, कामाचे तास लांब आणि शिक्षिकेवरील ताण मोठा, तेथे मुले काढून टाकण्याचे प्रमाण अधिक. जेथे शिक्षिकेला सल्ला देण्यासाठी मानसिक आरोग्याचा जाणकार वर्गात येत असे तेथे ते कमी. शिक्षिकेच्या तक्त्यावर उमटणारा आकडा तिच्या थकव्याचाही आकडा असतो. कमी पगारावर, एकटीने, दाटीच्या खोलीत चाळीस मुले सांभाळणाऱ्या बाईला जे मूल असह्य वाटते तेच मूल वीस मुलांच्या वर्गात, मदतनीस हाताशी असताना, केवळ खोडकर वाटू शकते. मजुराच्या श्रमाची परिस्थिती बाजूला ठेवून त्याच्या उत्पादनाची चिकित्सा करणारे अर्थशास्त्र समाजवाद्यांनी कधी मानले नाही. शिक्षिकेच्या नोंदीला तरी निराळा न्याय का लावावा?

याची दुसरी बाजू शिकागो शहरात दिसली. सिबेल रेव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ ते २००६ या काळात तेथील हेड स्टार्टच्या अठरा केंद्रांत एक प्रयोग केला. निम्म्या केंद्रांत शिक्षिकांना वर्ग हाताळण्याचे प्रशिक्षण देण्यात आले, आठवड्यातून एकदा एक सल्लागार वर्गात येऊन त्यांच्याबरोबर काम करू लागला आणि शिक्षिकांच्या स्वतःच्या ताणाकडेही लक्ष पुरविण्यात आले. वर्षअखेरीस त्या वर्गांतील मुलांच्या वर्तनसमस्यांच्या नोंदी इतर वर्गांच्या मानाने कमी भरल्या. येथे कोणी शंका घेईल की नोंद करणाऱ्या शिक्षिकाच प्रशिक्षित होत्या, तेव्हा त्यांची नजर निवळली असेल. परंतु बाहेरून आलेल्या निरीक्षकांनाही त्या वर्गांतील वातावरण सुधारलेले दिसले. आणि शिक्षिकेची नजर निवळली असेल तर तोही मुलाचा लाभच नव्हे काय?

आणखी एका अंगाचा विचार न केल्यास चित्र अपुरे राहील. मारणारे, ओरडणारे, वस्तू फेकणारे मूल तक्त्यावाचूनही सर्वांना दिसते. जे कोपऱ्यात बसते, बोलत नाही, खेळत नाही, त्याचा कोणाला त्रास नसतो. उलट 'शहाणे बाळ' म्हणून त्याची वाखाणणी होते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील जॉन फँटुझो यांच्या गटाने हेड स्टार्टमधील मुलांवर केलेल्या कामातून असे पुढे आले की, मदतीसाठी मुले हेरण्याच्या रूढ व्यवस्थेतून गरजू मुलांच्या मानाने फारच थोडी मुले पुढे येत होती, आणि वर्षारंभी आपल्यातच मिटलेली मुले वर्षअखेर समवयस्कांच्या खेळातही मागे राहत होती. काही मुलांवर नको तितकी नजर आणि काहींवर मुळीच नाही, हे एकाच रोगाचे दोन प्रकार होत.

या गटाने केवळ टीका केली नाही. २००२ मध्ये त्यांनी हेड स्टार्टच्या शिक्षिकांबरोबर बसून तयार केलेले नवे साधन प्रसिद्ध केले. त्यात वर्गातील बावीस नेहमीचे प्रसंग घेतले आहेत: मूल शिक्षिकेला कसे भेटते, मदत लागली तर काय करते, खेळताना इतरांशी कसे वागते, अशा प्रकारचे. प्रत्येक प्रसंगाखाली मुलाच्या संभाव्य वागण्याची विधाने आहेत आणि त्यांत चांगल्या वागण्याचीही आहेत. असा तक्ता भरल्यावर मुलाच्या नावापुढे नुसती बेरीज उरत नाही. मूल कोणत्या प्रसंगी अडते ते कळते. प्रसंग कळला की तो बदलता येतो. जेवणाच्या वेळी भांडणाऱ्या मुलाला कदाचित भूक अनावर होत असेल, किंवा घरी उशीर करणाऱ्याला काही मिळत नसेल. मुलाला विकाराचे नाव देण्यापूर्वी ताटात काय पडते ते पाहावे, एवढे भान अशा तक्त्याने येऊ शकते.

अमेरिकेने यातून काही धडे घेतले. आज हेड स्टार्टच्या नियमांप्रमाणे प्रवेशानंतर ४५ दिवसांच्या आत मुलाची वर्तनविषयक प्राथमिक तपासणी व्हावी लागते. परंतु ती पालकांशी विचारविनिमय करून आणि एकाहून अधिक मार्गांनी मिळविलेल्या माहितीवर. २०१६ च्या सुधारित नियमांनी वर्तनाच्या कारणावरून मुलाला काढून टाकण्यास मनाई केली आणि निलंबनावर कडक मर्यादा घातल्या. चारपाच वर्षांच्या मुलांच्या वर्गात वीसहून अधिक मुले नसावीत आणि दोन प्रौढ माणसे असावीत, हा दंडकही तेथे आहे. तपासणीची सक्ती आणि हकालपट्टीची बंदी या दोन्ही गोष्टी एकाच नियमावलीत असणे, हे पन्नास वर्षांच्या चुकांनंतर आलेले शहाणपण आहे.

आता महाराष्ट्राकडे वळू. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि हरिजन व आदिवासी वस्त्यांतील अंगणात जाऊन मुले जमविली. अंगणवाडी ही कल्पना त्या अंगणात जन्मली. पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी त्यांचे काम चालले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरवावी, असा त्यांचा खाक्या होता. गैरहजर मूल पाहून त्यांनी मुलाचा दोष शोधला नाही. शाळेचा दोष शोधला. वर्तनाचे मोजमाप करू पाहणाऱ्या आजच्या प्रशासनाने हा वारसा आधी समजून घ्यावा.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द गावोगाव गेला. पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी, संदर्भसेवा, पोषण व आरोग्यशिक्षण आणि पूर्वप्राथमिक शिक्षण अशा सहा सेवा एका सेविकेने आणि एका मदतनिसाने द्यावयाच्या. त्यांत वजने, नोंदवह्या, सर्वेक्षणे आणि २०२१ पासून मोबाइलवरील पोषण ट्रॅकर यांची भर पडली. हे सारे करणाऱ्या सेविकेला शासन कर्मचारी मानत नाही. तिला वेतन नव्हे, मानधन मिळते. केंद्राने २०१८ मध्ये आपल्या निकषाने तिचे मानधन ३,००० वरून ४,५०० रुपये केले. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निकाल द्यावा लागला की सेविका आणि मदतनीस उपदानास, म्हणजे ग्रॅच्युइटीस, पात्र आहेत. ४ डिसेंबर २०२३ पासून महाराष्ट्रातील सेविका ज्या मागण्यांसाठी दीर्घ संपावर गेल्या त्यांत ही ग्रॅच्युइटीही होती. अशा सेविकेच्या हातात वर्तनाचा तक्ता दिला आणि तिला ना प्रशिक्षण दिले, ना वेळ, ना पाठीशी जाणकार, तर ती काय करील? रात्री चुलीपाशी बसून ती रकाने भरील. एका मुलाचे आकडे दुसऱ्याच्या नावावर उतरतील आणि जिल्ह्याच्या गावी त्यांची टक्केवारी निघेल.

आपल्याकडील मुलांच्या काही अडचणी तर अमेरिकी तक्त्यांत बसणाऱ्याच नाहीत. मेळघाटातील कोरकू मूल किंवा डहाणूकडील वारली मूल मराठी बोलणाऱ्या सेविकेपुढे महिनोन् महिने गप्प राहते. 'बोलत नाही' या विधानापुढे दोनचा आकडा पडेल. परंतु हा विकार मुलाचा की त्याची भाषा न शिकलेल्या व्यवस्थेचा? ऊसतोड कामगाराचे मूल दिवाळीनंतर गाव सोडते आणि उन्हाळ्यात परतते. वीटभट्टीवरच्या मुलाचा मुक्काम तर दर हंगामाला बदलतो. 'कोणाशी मैत्री करीत नाही' अशी त्याची नोंद करणाऱ्याने, मैत्री करण्याइतका काळ त्याला एका जागी राहू दिले होते काय, हे आधी स्वतःला विचारावे.

आणि महाराष्ट्राला एक जुनी आठवणही आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्माला येणाऱ्या मुलाच्या कपाळी गुन्हेगारीचा शिक्का मारला. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड पिढ्या वाढल्या. १९५२ मध्ये तो कायदा गेला, जमाती विमुक्त झाल्या. तरी गावातील नजर अद्याप पुरती विमुक्त झालेली नाही. पारध्याचे किंवा कैकाड्याचे मूल अंगणवाडीच्या दारात येते तेव्हा ती नजर त्याच्याआधी तेथे पोचलेली असते. अशा वेळी 'दुसऱ्याच्या वस्तू घेतो' हे साधे विधानही किती जड होऊ शकते, हे विमुक्तांच्या चळवळीत काम केलेल्यांना सांगावयास नको.

मग तपासणीच नको, असे म्हणावे काय? ते म्हणणे सोपे आहे, पण त्याची किंमत गरिबाचे मूलच मोजील. ज्या मुलाला नीट ऐकू येत नाही म्हणून ते हाक मारली तरी वळत नाही, जे घरातील मारहाण पाहून मिटले आहे, ज्याला खरोखरच तज्ज्ञाची गरज आहे, त्याला कोणी तरी वेळेवर ओळखले पाहिजे. श्रीमंताच्या मुलाला ओळखणारे पुष्कळ असतात. गरिबाच्या मुलाला सेविकेवाचून कोणी नाही. म्हणून पक्षाच्या कार्यकर्त्यांनी तपासणीला विरोध न करता तिच्या अटी ठरविल्या पाहिजेत आणि त्या अटींसाठी पंचायतीपासून विधिमंडळापर्यंत आग्रह धरला पाहिजे.

पहिली अट अशी की, वर्तनाच्या नोंदीवरून कोणतेही मूल अंगणवाडीतून कमी केले जाणार नाही आणि ती नोंद त्याच्याबरोबर प्राथमिक शाळेत जाणार नाही. दुसरी, सेविकेचे मूल्यमापन हे एकमेव मूल्यमापन नसावे. आईचे म्हणणे तितक्याच आदराने लिहून घेतले जावे आणि मूल अंगणवाडीत रुळण्यापूर्वी तक्ता उघडू नये. तिसरी, तक्ते येथील मुलांसाठी, येथील सेविकांबरोबर बसून, येथील बोलींत तयार व्हावेत. परदेशी यादीचे भाषांतर म्हणजे साधन नव्हे. चौथी, जेथे तालुक्याच्या गावी मुलाला दाखवायला कोणी जाणकार नाही तेथे आधी जाणकार नेमावा, मग मुले शोधावीत. मदतीची सोय नसताना दोष शोधणे म्हणजे निव्वळ पंचनामा करणे होय. पाचवी अट सर्वांत महत्त्वाची. ज्या कागदावर मुलाचे वर्तन लिहिले जाते त्याच कागदाच्या माथ्यावर वर्गात मुले किती, खोली केवढी, आहार किती दिवस आला, मदतनिसाची जागा भरलेली आहे की रिकामी, आणि सेविकेला मानधन कोणत्या तारखेला मिळाले, हेही लिहिले जावे. मुलाचे मोजमाप करावयाचे तर वर्गाचेही व्हावे.

सेविकांच्या संघटनांत काम करणाऱ्या साथींनी एक गोष्ट ओळखली पाहिजे. मानधनाची मागणी आणि मुलाच्या न्यायाची मागणी या दोन नाहीत. थकलेल्या, अपमानित, एकाकी सेविकेच्या नजरेला मूल जसे दिसते तसे ते कागदावर उतरते. तिला सन्मानाचे वेतन, पुरेसे हात आणि पाठीशी जाणकार मिळाला, तर त्याच मुलाविषयी ती निराळे लिहील आणि ते सत्याच्या अधिक जवळ असेल. पुढच्या वेळी तिचा मोर्चा जिल्हा परिषदेवर जाईल तेव्हा मागण्यांच्या यादीत वेतनाच्या शेजारीच या पाच अटी लिहिलेल्या असाव्यात. त्या मोर्चात मुलांच्या आयांनाही आणावे. तक्ता त्यांच्या मुलांचा आहे.